तीनदा विचारावं लागणारा माणूस

व्हर्लिन हॉगडालला भूक लागली आहे की नाही, हे कळायला वेळ हातात असावा लागतो. तुम्ही म्हणायचं, "जेवणार का?" तो म्हणणार, "नको नको, माझं झालंय." तुम्ही म्हणायचं, "अरे, थोडं तरी घे." तो म्हणणार, "उगाच तुला त्रास." मग तिसऱ्यांदा म्हणायचं, "घे रे गुपचूप." की तो म्हणणार, "बरं, अगदी नावाला," आणि भांडं खरवडून ठेवणार.

मिनेसोटात सगळेच असे. पहिला नकार रीत म्हणून, दुसरा समोरच्याचा आग्रह किती खरा आहे ते बघायला, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस मनातलं बोलतो. मी न्यू जर्सीची. आमच्याकडे दुसऱ्यांदा विचारेपर्यंत तुमच्या वाटचं दुसऱ्या कुणीतरी खाल्लेलं असतं. गॉर्डीशी लग्न करून इथे आले तेव्हा मी सासूबाईंना एकदाच विचारायचे आणि त्या नको म्हणाल्या की डबे झाकून ठेवायचे. मी त्यांना कित्येक महिने उपाशी ठेवलं, असं नणंद अजून चारचौघांत सांगते. आता इथे माझे केस पांढरे झाले. राग मात्र जसाच्या तसा आहे, आणि तो सगळ्यात जास्त येतो तो व्हर्लिनचा.

आम्ही दोघं एकाच विमान कंपनीत. मी मिनिअॅपोलिसच्या विमानतळावर दारापाशी उभी असते, लोकांना विमानात सोडते. तो खाली, विमानाच्या पोटात सामान चढवायला. थंडीत विमानावरचा बर्फ औषध फवारून काढायचं कामही त्याचंच. नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल झालेला, सहा फूट उंच, आणि जिना चढताना समोरून मांजर आलं तरी बाजूला होणारा.

एकदा त्याचं बोट सामानाच्या पट्ट्यात सापडलं. दवाखान्यातली नर्स नवीन होती, परराज्यातली. तिनं विचारलं, "फार दुखतंय का?" हा म्हणाला, "छे, तसं काही नाही." तिनं चिकटपट्टी लावून परत पाठवलं. मोडकं बोट घेऊन या माणसानं संध्याकाळपर्यंत बॅगा उचलल्या. जाताना मला दिसला तेव्हा मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "जरासं जाणवतंय खरं."

बायको मिळाली तीही तसलीच. कारी. पहिल्यांदा त्यानं तिला विचारलं ते गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसलेले असताना. ती म्हणाली, "तुला घाई नको व्हायला." दुसऱ्यांदा विचारलं चर्चमधल्या कॉफीच्या वेळी. म्हणाली, "तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल." आता तिसऱ्यांदा विचारायचं तर याला गालगुंड झालं. तोंड उघडेना. कारी वाट बघतेय, तिची आई वाट बघतेय, अख्ख्या चर्चला माहीत की एक विचारणं बाकी आहे. हा बरा झाला तर आता फार उशीर झाला, तिला अवघडल्यासारखं होईल, म्हणून गप्प. शेवटी पाद्रीबाबांनी रविवारच्या सूचना वाचताना, केकची विक्री आणि छपराची गळती यांच्या मध्ये सांगितलं की हॉगडालांच्या व्हर्लिनला काहीतरी विचारायचं राहिलंय, त्यानं ते आजच उरकून घ्यावं. तेव्हा कुठे त्यांचं लग्न झालं.

त्यांना तीन मुलं. ब्रिटा अकरा वर्षांची, नेल्स आठचा, आणि टोव्हे चारची.

आम्हा विमानवाल्यांना आणि आमच्या मुलाबाळांना फुकट फिरता येतं, फक्त एकच अट. पैसे भरलेले सगळे बसले आणि जागा उरली तर बसायचं. नाव यादीत टाकायचं, दारापाशी उभं राहायचं आणि आशेवर जगायचं. याला स्टँडबाय म्हणतात. नोकरी जितकी जुनी तितकं नाव वर. लोक सकाळी जातात, संध्याकाळी परत येतात. आमचा गॉर्डी एकदा केस कापायला डेन्व्हरला जाऊन आलाय, आणि कापले होते तेही वाकडेच. खाली सामान चढवणारी बाकीची माणसं पोरांना घेऊन दिवसभरासाठी कुठे कुठे जाऊन येतात. हॉगडाल मंडळी मात्र कायम दारापर्यंत जाऊन घरी. नाव वर असायचं, जागाही असायची. पण व्हर्लिननं ती कधी एका नवऱ्या मुलीला दिली, कधी सैनिकांना, आणि एकदा तर अशा एका माणसाला, जो फक्त "दमलोय बुवा" एवढंच म्हणाला होता.

आणि ब्रिटाला तो ती टोव्हेएवढी असल्यापासून सांगत आला होता की तुला समुद्र दाखवतो. आम्ही देशाच्या अगदी मध्यात राहतो. तळी इथे हवी तेवढी, पण समुद्र कुठल्याही बाजूला गेलं तरी लांबच.

या वसंतात व्हर्लिनची पाठ गेली. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली. त्यानं शाळेच्या बसगाड्यांच्या आगारात नोकरी धरली आणि इथला राजीनामा दिला. जूनमधल्या एका शनिवारी त्याचा शेवटचा दिवस होता, म्हणजे फुकट उडण्याचाही शेवटचा. मध्यरात्री पास बंद. आठवडाभर आधी तो माझ्याजवळ येऊन नुसताच उभा राहिला. काय झालं म्हणून मी तीनदा विचारलं. तेव्हा म्हणाला, "ब्रिटा मला म्हणाली, बाबा, समुद्र नाही दाखवला तरी चालेल. पण दाखवतो असं आता म्हणू नका."

एवढं सांगून तो, बंदी असूनही, बॅगा उचलायला गेला. मी त्या शनिवारी माझी सुट्टी रद्द करून कामावर आले.

पाचही जण भल्या सकाळी हजर. कंपनीचा जुना दंडक आहे की कर्मचाऱ्याच्या कुटुंबानं नीटनेटकं दिसावं. हल्ली तो कुणी पाळत नाही, लोक चड्डीवर येतात. व्हर्लिननं मात्र घरच्यांना चर्चला नेल्यासारखं सजवलं होतं. नेल्सच्या गळ्यात टाय, पायात पॉलिश केलेले बूट. आणि सगळ्यांच्या चांगल्या कपड्यांच्या आत पोहण्याचे कपडे. टोव्हे तर कंबरेची फुगवलेली रबरी चकती काढायलाच तयार नव्हती, म्हणून तिच्यावरूनच मखमली फ्रॉक चढवला होता. फ्रॉक चारी बाजूंनी आडवा उभा राहिलेला. सुरक्षा तपासणीत तिला तिघांनी तपासलं म्हणे, आणि तिघांनाही तिनं चकती दाबून बघायला दिली.

कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. समुद्र असला की झालं.

पहिलं विमान बॉस्टनचं. दारावर कोल्टन नावाचा नवा पोरगा होता, टेक्ससचा. काम चोख, पण इथलं काही ठाऊक नाही. त्यानं स्वच्छ आवाजात विचारलं, "सर, पाच जागा आहेत. घेणार ना?"

व्हर्लिन म्हणाला, "अरे नको, कुणाची अडचण होत असेल तर राहू दे."

"कुणाचीच अडचण नाही, सर."

"नाही, तरी पण. कुणी घाईत असेल, आम्ही काय, थांबू."

कोल्टननं इकडे तिकडे पाहिलं. दारापाशी या पाच जणांशिवाय चिटपाखरू नव्हतं. त्यानं खांदे उडवले, दार लावलं आणि विमान सोडून दिलं. व्हर्लिन पिशवी खांद्याला लावून हसत उभा होता, तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत. विमान मागे सरकायला लागलं तेव्हा ते ढकलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला म्हणून यानं त्याला हातही केला.

मी धावत गेले. "कोल्टन, अरे तिसऱ्यांदा का नाही विचारलंस?"

"मॅडम, माणूस दोनदा नको म्हणाला."

"इथे दोनदा नको म्हटलं तरी माणूस पिशवी उचलून उभा असतो. दिसत नव्हती पिशवी?"

"आमच्या टेक्ससमध्ये एकदा नको म्हटलं की संपलं."

"मग तिकडेच राहायचं होतंस."

व्हर्लिन मध्ये पडला. म्हणाला, "त्याला नको बोलूस, रोझॅन. त्यानं किती छान विचारलं."

दुसरं विमान फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचं, आणि त्या दारावर मी स्वतः होते. बरोब्बर पाच जागा उरल्या. मी काही धोका पत्करणार नव्हते. "व्हर्लिन, जागा घेतोस? घेतोस का? घेतोस ना?" असं एका दमात विचारून टाकलं. तो जरा गडबडला, पण तिसरं विचारणं झालेलं होतं, त्यामुळे त्याचा नाइलाज झाला. "बरं, तू म्हणतेस तर..." असं तो म्हणतच होता, तेवढ्यात त्याची मान मागे वळली.

मागे लिंडक्विस्ट आजी-आजोबा उभे होते. ऑरिन लिंडक्विस्ट आमच्याकडचे निवृत्त मेकॅनिक, त्यांच्या पत्नी आर्लिस, आणि तीन नातवंडं. यादीत व्हर्लिनच्या खाली. तिथल्या कुठल्याशा खानावळीत लिंबाचा 'पाय' नावाचा केकसारखा गोड पदार्थ फार चांगला मिळतो, तो एकेक तुकडा खाऊन संध्याकाळी परत यायचं, असा त्यांचा बेत.

व्हर्लिन म्हणाला, "ऑरिन, तुम्ही जा की. आम्ही काय, कधीही."

"छे छे, तुमचं नाव वर आहे."

"नाव काय, कुणाचं तरी वर असणारच. तुमच्याबरोबर लहान मुलं आहेत."

"तुमच्याबरोबर नाहीत काय? ही बघा, चकती घालून आलीय बिचारी."

"तिला सवय आहे. जा तुम्ही."

"अहो, पाय काय पळून जातो? जा तुम्ही."

आता यातली खुबी अशी, की ज्यानं देऊ केलं त्यानं तीनदा द्यायचं, हे खरं. पण समोरच्यानं नकार देताना उलट तुम्हालाच देऊ केलं, तर मोजणी पहिल्यापासून. ऑरिन आणि व्हर्लिन दोघांचंही गाडं दुसऱ्या आग्रहाच्या पुढे जाईना. तिकडे कारी आणि आर्लिस एकमेकींच्या नवऱ्याची बाजू घेत होत्या. कारीनं रूबार्बच्या, म्हणजे इथल्या एका आंबट देठाच्या, वड्यांचा डबा उघडला. आर्लिसबाई "नको नको" म्हणाल्या. म्हणजे आता तेही चालू.

मी ओरडले, "कुणीतरी चढा. कुणीही. व्हर्लिन, तू. नाहीतर ऑरिन, तुम्ही. मी चिठ्ठ्या टाकू का?"

ऑरिन मला समजावत म्हणाले, "रोझॅन, एवढी काय घाई? आम्ही बोलतोय ना."

वैमानिकाचा निरोप आला की दार लावा. मी लावलं. पाच जागा रिकाम्या घेऊन विमान फ्लोरिडाला गेलं.  ऑरिन आणि व्हर्लिननं एकमेकांशी हात मिळवले, दोघंही एखादं मोठं काम पार पडल्यासारखे खूश. आर्लिसबाई म्हणाल्या की घरी फ्रीजमध्ये लिंबं आहेतच, आपण घरीच करू या पाय. नातवंडांना घेऊन दोघं निघूनही गेले.

ब्रिटा हे सगळं बघत उभी होती. म्हणाली, "शाळेत शिकवलंय की पृथ्वीवर जमिनीपेक्षा समुद्र जास्त आहे. तरी आपल्याला तो सापडत नाही."

"सापडेल गं," व्हर्लिन म्हणाला.

"मी काही बोलले नाही," ती म्हणाली.

तिसरं विमान लॉस एंजेलिसचं. तिथे चक्क ते आत जाऊन बसले. मी लांबूनच पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली, खरं सांगते. पुढचं मला विमानात काम करणाऱ्या सोन्या नावाच्या मुलीनं सांगितलं, सांगताना ती हसत होती की रडत होती ते कळलं नाही. दार लागायच्या बेतात एक घामाघूम गृहस्थ पळत आला, हातात ट्रॉम्बोन, तो लांबलचक पितळी बाजा. तिकीट काढलेला प्रवासी. त्याला जागा द्यायला हवी, म्हणजे फुकट्यांपैकी एकानं उतरायचं. सोन्यानं नुसतं म्हणायला तोंड उघडलं, "माफ करा, कुणीतरी एक..." तोवर व्हर्लिन उभा.

कारी म्हणाली, "तू उतरणार आणि मी बसून राहणार, बरं दिसेल का ते?" तीही उभी. मग नेल्स, त्यानं टाय सारखा केला. टोव्हेची चकती खुर्चीच्या दोन दांड्यांमध्ये अडकली होती, तिला पुढच्या रांगेतल्या दोघांनी ओढलं आणि मागच्या रांगेतल्या एकानं ढकललं. ब्रिटा शेवटी उठली. पाचही जण ओळीनं, प्रत्येक प्रवाशाची माफी मागत, बाहेर आले. हवी होती एक जागा. तो गृहस्थ एका खुर्चीत बसला आणि ट्रॉम्बोनला शेजारची रिकामी मिळाली. उरलेल्या तिन्हींत कुणीच नाही.

बाहेर आल्यावर ब्रिटा बाथरूमला गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात पोहण्याच्या कपड्यांची गुंडाळी होती. ती तिनं आईपुढे धरली आणि म्हणाली, "हे ठेव पिशवीत. टोचत होतं." मग भिंतीकडे तोंड करून बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नेल्सला वडी देत होती, टोव्हेचा बूट बांधत होती, अगदी शहाण्यासारखी.

व्हर्लिन ती गुंडाळी कारीच्या पिशवीत जाताना बघत होता.

माझी जेवणाची सुट्टी होती. मी त्याला कॉफीच्या दुकानामागे नेलं आणि जे बोलायचं नव्हतं ते सगळं बोलले. "तुला वाटतं तू फार सज्जन आहेस. स्वतःचं काय द्यायचं ते दे ना, बोटं दे, पाठ दे, दिलीसच की. पण आज सकाळपासून तू जे वाटत सुटलायस ते तुझं नाहीये. ते त्या पोरीचं आहे. तिला विचारलंस का तिचं देऊ का म्हणून? एकदा तरी?"

 तो बुटांकडे बघत म्हणाला, "तिला विचारलं तर ती द्या म्हणेल."

"मग?"

"मग काही नाही." त्याचे डोळे भरले होते. "मला ते तोंडातून निघतच नाही, रोझॅन. पहिल्या झटक्यात हो म्हणायचं म्हणजे... माझे वडील म्हणायचे, ते कुत्र्याचं काम."

माझा राग तिथेच अर्धा उतरला, आणि त्याचाही मला राग आला. मी परत कामाला गेले.

आता एकच विमान उरलं होतं ज्यानं जाऊन उजेडात समुद्र दिसला असता. सॅन डिएगोचं, दुपारचं. दारावर मी होते, कारण कोल्टनला मी हाकलून जेवायला पाठवलं होतं. सगळे चढले. पाच जागा उरल्या. मी यादी पाहिली, मग परतीची विमानं पाहिली. सॅन डिएगोहून येणारी रात्रीची विमानं खचाखच, वर माणसं जास्तीचीच. पास मध्यरात्री बंद. म्हणजे हे तिथे गेले तर तिथेच अडकणार, आणि मग देश ओलांडून स्वतःच्या खर्चानं घरी यायचं, पदरी तीन पोरं आणि समोर नवी नोकरी. हे लपवणं मला जमणारं नव्हतं.

मी हॉगडालांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. कारीचा चेहरा उतरला. त्यांच्या मागे यादीत पुढचं नाव होतं एका तरुण जोडप्याचं. हातात हात, नुकतंच लग्न झालेलं दिसत होतं. मुलगी व्हर्लिनकडे बघून हसली. मी मनात म्हटलं, झालं, आता मेले.

"व्हर्लिन," मी म्हटलं, "जाणार?"

त्यानं जोडप्याकडे पाहिलं. मग ब्रिटाकडे पाहिलं. ती आपल्या सॅकचे पट्टे खांद्यावर अडकवून आधीच घरी जायच्या रस्त्याकडे वळून उभी होती, पाठ आमच्याकडे.

"हो," व्हर्लिन म्हणाला.

सवयीनं दुसऱ्यांदा विचारायला माझं तोंड उघडलेलंच होतं, ते तसंच राहिलं. शेजारच्या दारापाशी बसलेल्या दोन बायकांनी विणकाम थांबवून वर पाहिलं. कारी म्हणाली, "व्हर्लिन!" भर चर्चमध्ये नवऱ्यानं शर्ट काढल्यासारखी तिची अवस्था झाली होती.

"नक्की?" माझ्या तोंडून गेलंच.

"हो म्हणालो ना," तो म्हणाला. कपाळावरून घाम निथळत होता. "लवकर दार उघड, रोझॅन, नाहीतर मी काहीतरी बोलेन."

मी पाच जणांना अक्षरशः ढकललं. जाताना व्हर्लिन त्या जोडप्याजवळ थांबला. "माफ करा, पण आम्ही जातोय," तो म्हणाला. ते म्हणाले, जा ना. तो म्हणाला, "नाही, खरंच माफ करा." मी त्याची कॉलर धरली. तिसरी माफी त्यानं विमानाच्या दारातून मागितली. ब्रिटा सगळ्यात पुढे होती आणि मागे वळून बघत नव्हती. अजून तिचा विश्वास नव्हता, चाकं वर उचलली गेल्यावरसुद्धा नसणार.

माझी पाळी संपली तरी मी घरी गेले नाही. गॉर्डीचा फोन आला, जेवायला येतेस का म्हणून. मी म्हटलं, माझं झालंय. त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, थांबू नकोस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं की स्क्रीनसमोर बसून सॅन डिएगोच्या शेवटच्या विमानाकडे बघतेय, आणि या माणसांना मी स्वतः ढकललंय, तेव्हा मला जेवण जाणार नाही. तो म्हणाला, बरं, डबा घेऊन येतो.

आम्ही दोघं बंद दुकानाच्या पायरीवर बसून जेवलो. विमान भरलेलंच होतं. वर जास्तीची नावं होती. मी दर थोड्या वेळानं उठून बघायचे आणि शिव्या देत परत यायचे. आणि मग त्या विमानानं येणाऱ्या कुठल्याशा शाळेच्या वाद्यवृंदाचं सॅन डिएगोला पोचवणारं विमान चुकलं. अख्खा वाद्यवृंद गळला. माझ्या डोळ्यांसमोर एकेक खुर्ची मोकळी झाली. पाचाच्या वर झाल्या. व्हर्लिनचं नाव यादीत सगळ्यात वर.

मी फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. आधी नुसता वारा ऐकू आला.

"व्हर्लिन, ऐक नीट. जागा सुटल्यात, पाचही. आत्ताच्या आत्ता टॅक्सी करा, मी तिकडच्या बाईला सांगून ठेवते दार धरायला. निघताय ना?"

"नको," तो म्हणाला.

हे होणारच होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांची नावं भरायला लागले. "अरे, शेवटचं विमान आहे. हे गेलं तर बसनं यावं लागेल, दिवसचे दिवस. निघा."

"नको, रोझॅन. तुला केवढा त्रास झाला असेल."

दोन झाले. टोव्हेचं नाव भरून झालं होतं, नेल्सचं झालं होतं. "व्हर्लिन, तिसऱ्यांदा विचारतेय. जागा धरू?"

पलीकडे पुन्हा वारा. लांब कुठेतरी टोव्हे किंचाळत होती, आनंदानं, आणि कारी तिला काहीतरी सांगत होती.  

"नको," तो म्हणाला. "ब्रिटा पाण्यात गेलीय, कपड्यांसकट. गळ्यापर्यंत. आता मी नुसतं चला म्हटलं ना, तर ती लगेच बाहेर येईल. कुरकुर करणार नाही, काही नाही. लगेच येईल. म्हणून मी म्हणत नाहीये."

गॉर्डी माझ्याकडे बघत होता. मी भरलेली सगळी नावं काढून टाकली.